कोरे पत्र आणि भजनाची बैठक

॥ श्री संत मुक्ताई प्रसन्न ॥



तापी आणि पूर्णा या दोन पुण्यसलिला नद्यांचा संगम जळगाव जिल्ह्यातील चांगदेव या क्षेत्री होतो. संगमाच्या काठी योगिराज चांगदेवांचे प्राचीन पाषाणमंदिर उभे आहे आणि तेथून जवळच कोथळी-मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे आदिशक्ती संत मुक्ताबाईंचे स्थान आहे. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत या दोन्ही ठिकाणी यात्रा भरते. खान्देशातून, विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून टाळमृदंगाच्या गजरात पायी दिंड्या येतात. एका तीरावर गुरू आणि जवळच शिष्य, आणि दोघांची यात्रा एकाच पर्वणीला, असा योग फार थोड्या क्षेत्रांच्या वाट्याला आला आहे.

यात्रेचे एक अंग सर्वांना ठाऊक असते. संगमावर स्नान करावे, दर्शनबारीत उभे राहावे, नारळ-फुले अर्पण करावीत, प्रसाद घ्यावा. दुसरे अंग मात्र रात्री सुरू होते. हरिपाठ आटोपतो, कीर्तनाची सेवा होते, जेवणाच्या पंगती उठतात आणि मग दिंडीच्या मुक्कामी, सभामंडपाच्या कोपऱ्यात किंवा एखाद्या घराच्या ओट्यावर भजनाची बैठक जमते. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नसते. तिला निमंत्रण नसते, व्यासपीठ नसते, बिदागी नसते. एक वीणा, एक पखवाज, पाच-दहा टाळ आणि अंथरलेली सतरंजी एवढ्यावर ती पहाटेपर्यंत चालते.

या बैठकीच्या कडेला नेहमी काही भाविक उभे असतात. ते क्षणभर ऐकतात, मान डोलावतात, भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्यातील कितीतरी जणांना मनातून बसावेसे वाटत असते, परंतु दोन विचार पाय धरून ठेवतात. पहिला विचार, ‘मला काही येत नाही.’ दुसरा विचार, ‘मला येथे कोण बसू देईल?’ या दोन्ही विचारांचे उत्तर याच क्षेत्राच्या कथेत आहे. म्हणून ती कथा भजनाच्या अंगाने पुन्हा समजून घेणे उचित ठरेल.

चांगदेवांचे कोरे पत्र

परंपरा सांगते की, चांगदेव हे चौदाशे वर्षांचे सिद्ध योगी होते. ज्ञानेश्वर माउलींची कीर्ती कानी आल्यावर त्यांना पत्र पाठवावे असे चांगदेवांच्या मनात आले. पत्र लिहायला बसले, पण पहिल्याच शब्दाला अडले. ‘चिरंजीव’ लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. ‘तीर्थस्वरूप’ लिहावे, तर समोरचा वयाने बालक. मायना सुचेना, तेव्हा त्यांनी कोराच कागद पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाई हसल्या आणि म्हणाल्या की, इतकी वर्षे जगूनही हे योगी कोरेच राहिले.

कथेतील हे हसू सर्वांच्या लक्षात राहते. त्यानंतर काय घडले ते मात्र अनेकदा विसरले जाते. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला उत्तर लिहिले. ६५ ओव्यांचे ते उत्तर ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने आजही वाचले जाते. ज्या पत्रात एकही अक्षर नव्हते, त्याला एवढे उत्तर मिळाले! पुढे चांगदेव स्वतः भेटीस आले, आणि भावंडांत सर्वांत धाकट्या असलेल्या मुक्ताबाईंना त्यांनी गुरू मानले.

भजनाच्या कडेला उभा असलेला भाविक आणि पत्र लिहायला बसलेले चांगदेव यांची अडचण एकच आहे. एखादे गृहस्थ शहरात मोठ्या हुद्द्यावर असतात. चारचौघांत त्यांच्या शब्दाला मान असतो. भजनात मात्र पखवाजावर बारा वर्षांचा मुलगा बसलेला असतो, चाल सांगणारा एखादा शेतमजूर असतो आणि या गृहस्थांना टाळ कोणत्या हातात कसा धरावा हेही ठाऊक नसते. येथे आपण मोठे की लहान, कोणत्या नात्याने आत जावे, हा मायना त्यांना सुचत नाही. म्हणून ते कडेलाच थांबतात.

चांगदेवांनी त्या अडचणीत दोन गोष्टी केल्या. येत नसलेले येते असे दाखविण्यासाठी त्यांनी खोटी अक्षरे लिहिली नाहीत, आणि कोरे आहे म्हणून पत्र स्वतःजवळ ठेवूनही घेतले नाही. ते जसे होते तसे पाठविले. कोरेपणाची लाज बाळगून पत्र पाठविलेच नसते, तर पासष्टी लिहिली गेली नसती आणि गुरूही लाभला नसता. भजनात जाणाऱ्याने एवढेच शिकावे. आपले कोरे पत्र घेऊन सतरंजीवर बसावे.

मायन्याचा प्रश्न तर वारकरी संप्रदायाने केव्हाच सोडविला आहे. बैठकीत येणारा बसलेल्यांच्या पाया पडतो आणि बसलेले त्याच्या पाया पडतात. वय, जात, संपत्ती, विद्या यांचा हिशेब तेथे होत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो. लहानाला आणि थोराला, ओळखीच्याला आणि अनोळख्याला, स्त्रीला आणि पुरुषाला हा एकच मायना पुरतो.

आधी कान, मग टाळ, शेवटी कंठ

बसल्यावर काय करावे, हा पुढचा प्रश्न. जुने भजनी जो क्रम पाळतात तो सोपा आहे. आधी कान द्यावा, मग टाळ घ्यावा आणि शेवटी कंठ मोकळा करावा.

पहिला अर्धा-पाऊण तास केवळ ऐकावे. बैठकीला एक क्रम असतो. ‘जय जय रामकृष्ण हरी’ या नामघोषाने प्रारंभ होतो, पुढे रूपाचे अभंग येतात, त्या त्या वाराचे अभंग येतात, गवळणी त्यांच्या वेळेला येतात आणि पहाट झाली की काकड्याचे अभंग सुरू होतात. हा क्रम ध्यानात आला की कोणता अभंग केव्हा शोभतो ते आपोआप कळू लागते. ‘वारकरी भजनी मालिका’ या नावाची लहान पुस्तके यात्रेतील दुकानांत मिळतात. त्यांतील एखादे जवळ ठेवल्यास अक्षरे डोळ्यांपुढे राहतात.

मग टाळ. टाळाची दोरी बोटांना गुंडाळून दोन्ही वाट्या सैल पण सावध धराव्यात. नवख्याने टाळ हळू वाजवावा आणि पखवाजाकडे लक्ष ठेवावे. ठेका प्रथम संथ असतो आणि अभंग रंगात आला की लय चढते. लय चढविण्याचे काम गाणाऱ्याचे व मृदंगाचार्यांचे असते. टाळकऱ्याने त्यांच्या मागून जायचे असते. पुढे पळणारा एक टाळ दहा टाळांना चुकवतो. ताल सुटला तर घाबरून जोराने वाजवू नये, टाळ थांबवावा, पुन्हा ऐकावे आणि समेवर परत यावे. थांबण्यात कमीपणा नाही.

शेवटी कंठ. अभंगाची रचनाच नवख्यासाठी दार उघडे ठेवणारी आहे. गाणारा प्रथम ध्रुपद म्हणतो आणि सर्व टाळकरी ते उचलतात. पुढे प्रत्येक चरणानंतर तेच ध्रुपद पुन्हा येते. पाच-सहा चरणांच्या अभंगात एकच ओळ इतक्या वेळा कानावर पडते की, अभंग मुळीच माहीत नसलेल्या माणसालाही तिसऱ्या वेळेस ती म्हणता येते. चरण गाणाऱ्याने म्हणावेत, ध्रुपद सर्वांनी म्हणावे, अशी ही वाटणी आहे. ज्याचा आवाज वरच्या पट्टीत जात नाही त्याने खालच्या सुरात म्हणावे. भजनात आवाज मिसळावा, तो उठून दिसावा असा हट्ट नसावा.

स्वतः अभंग घेण्याची इच्छा झाली तर विणेकऱ्यांना विचारावे. पाळीपाळीने एकेक जण अभंग घेतो, आणि पाहुण्याला पाळी देण्याची रीत बहुतेक बैठकांत आहे. आपल्या पाळीला एकच अभंग घ्यावा, सर्वांना येणारी चाल निवडावी आणि दुसऱ्याचा अभंग सुरू असताना मध्येच आपला स्वर लावू नये.

ज्याला गाता येत नाही आणि टाळही जमत नाही, त्याच्यासाठीसुद्धा भजनात सेवा आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारे ठरलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा नमस्कार करून वीणा आपल्या गळ्यात घेतो. अनवाणी उभे राहायचे, तार छेडायची आणि मुखाने नाम घ्यायचे. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला माणसे कमी पडतात. अशा वेळी जो पुढे होतो, त्याला किती अभंग पाठ आहेत असे कोणी विचारत नाही. आणि ज्याच्या गळ्यात वीणा असते, तो कोणीही असो, त्याच्यापुढे सारे मस्तक नमवितात.

न शिकलेल्यांची विद्या

‘मला येत नाही’ असे म्हणणाऱ्याने खान्देशातील आयाबहिणींकडे पाहावे. जळगावजवळच्या असोदा गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून ओव्या उमटत. घरातील माणसांनी त्या उतरून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली पुत्र सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ज्या माउलीने कधी पाटीवर अक्षर गिरविले नाही, तिच्या ओव्या आज शाळेत शिकविल्या जातात.

कानबाईचा उत्सवही हेच सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्याकडील घराघरांत कानबाईची स्थापना होते. रोटांचा नैवेद्य होतो. रात्रभर अहिराणी गाणी म्हणून जागरण केले जाते आणि सोमवारी कानबाईला निरोप दिला जातो. पोटापाण्यासाठी सुरत, पुणे, मुंबई येथे गेलेली भावकी त्या एका रात्रीसाठी गावी परतते. त्या गाण्यांची शिकवणी कोणी लावलेली नसते. नवी सून पहिल्या वर्षी सासूच्या मागून शेवटचा शब्द म्हणते, दुसऱ्या वर्षी अर्धी ओळ म्हणते आणि काही वर्षांनी तीच गाणे सुरू करते. मांडीला मांडी लावून बसणे, हीच या विद्येची शाळा आहे.

परंतु येथेच चिंतेची बाब आहे. मागून म्हणणारे कमी झाले की सुरू करणारेही एक दिवस संपतात. गाणे पुस्तकात राहील, तबकडीवर राहील, ध्वनिवर्धकावरून ऐकूही येईल. मात्र ते गाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून उचलण्याची वाट एकदा बुजली तर ती पुन्हा पाडणे फार कठीण. कडेला उभा राहून निघून जाणारा भाविक स्वतःचा आनंद गमावतो, एवढ्यावरच गोष्ट थांबत नाही. त्याची रिकामी जागा पुढच्या पिढीतील एक भजनी कमी करते.

ताटी उघडणे दोन्हींकडून

‘मला येथे कोण बसू देईल?’ या दुसऱ्या विचाराचे उत्तर मात्र नवख्याने द्यायचे नाही. ते बसलेल्यांनी द्यायचे आहे.

लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीचे दार, म्हणजे ताटी, लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून त्यांची विनवणी केली. ताटीचे अभंग ते हेच. लहान बहीण मोठ्या भावाची समजूत घालते, आणि ज्ञानी पुरुषही रुसतो हे जाणून त्याला दोष न देता दार उघडावयास लावते. भजनाच्या बैठकीत असे प्रसंग घडतात. एखाद्याचा टाळ चुकतो आणि कोणीतरी डोळे वटारते. एखादीचा स्वर हलतो आणि मागे कोणी हसते. त्या माणसाच्या मनाची ताटी त्या क्षणी बंद होते, आणि पुढे अनेक वर्षे तो भजनाकडे फिरकत नाही. चूक अवश्य सांगावी, पण ती बैठक उठल्यावर, एकांतात आणि हात हातात घेऊन सांगावी. कोणी रुसून गेला असेल तर मुक्ताईच्या भक्तांनी त्याच्या दाराशी जावे. मुक्ताई केवळ हसून थांबल्या नाहीत, आणि कोऱ्या पत्राची कथाही हसण्यावर संपली नाही, हे जाणत्या भजन्यांनी विसरू नये.

ताटी समाजाचीही असते. अमळनेरच्या शाळेत मुले घडविणारे साने गुरुजी यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले, आणि दहा दिवसांत ते दार उघडण्याचा निर्णय झाला. चोखोबांचे अभंग शतकानुशतके ज्या मुखांनी गाइले, त्याच मुखांनी चोखोबांच्या लेकरांना दाराबाहेर ठेवावे, ही विसंगती खान्देशाशी नाते असलेल्या या साधुपुरुषाला सोसवली नाही. आज मंदिराचे दार उघडे आहे. सतरंजीची कडाही तशीच उघडी आहे ना, हे प्रत्येक बैठकीने स्वतःस विचारावे. आणि ज्या क्षेत्राची अधिष्ठात्रीच एक युवती आहे, शके १२१९ म्हणजे इ. स. १२९७ मध्ये तापीतीरी विजेच्या लखलखाटात जी अंतर्धान पावली असे परंपरा मानते, त्या क्षेत्री स्त्रियांनी कडेला बसून केवळ ऐकावे असे म्हणणे कोणासही शोभणार नाही.

ऐकणाऱ्याची सेवा

कोणी म्हणेल, इतके करूनही ज्याला केवळ ऐकावेसे वाटते त्याचे काय? त्याची सेवाही लहान नाही, मात्र ते ऐकणे मनापासून असावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. ती मोठ्या सभागृहात झाली नाहीत. श्रोते होते बंदिवान. त्या श्रोत्यांत साने गुरुजी होते, आणि त्यांनी शब्द न् शब्द टिपून घेतला म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ जगाला मिळाला. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही त्या ग्रंथाचा धनी आहे. म्हणून बैठकीत ऐकण्यास बसणाऱ्याने निदान एक अभंग पुरता होईपर्यंत बसावे, छायाचित्र घ्यायचे असल्यास विचारून घ्यावे आणि ऐकलेले ध्रुपद घरी जाऊन लेकरांना म्हणून दाखवावे.

दात्यांस व यात्रेकरूंस विनंती

भाविक दाते मंदिरास सढळ हाताने देतात. त्यांनी भजनाच्या गरजाही ध्यानी घ्याव्यात. त्या फार मोठ्या नाहीत. पखवाजाची पाने फाटतात आणि ती बदलावी लागतात. टाळांच्या दोऱ्या तुटतात, सतरंज्या विरतात. गावातील पाच मुलांना टाळ घेऊन दिले आणि एखाद्या जाणत्या मृदंगाचार्यांकडे त्यांना बसविले, तर ते दान अनेक वर्षे वाजत राहते. मोठ्या ध्वनिवर्धकापेक्षा या दानाचा नाद दूरवर जातो. कायद्यानेही रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरील ध्वनिवर्धक सामान्यतः बंद ठेवावा लागतो. तो बंद झाला की कंठ आणि टाळ उरतात, आणि खरी बैठक तेव्हाच रंगते.

यात्रेकरूंनी एवढे करावे. दर्शन झाल्यावर परतीची घाई न करता एक रात्र राखून ठेवावी. पादत्राणे बाहेर काढून, कपाळी बुक्का लावून कोणत्याही बैठकीत जावे, ‘माउली’ म्हणून नमस्कार करावा आणि जागा मिळेल तेथे बसावे. पहिल्या वर्षी ध्रुपद म्हणावे. दुसऱ्या वर्षी टाळ धरावा. ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून सुमारे महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरी पोहोचते. ज्यांना संपूर्ण वाट शक्य नाही त्यांनी त्या दिंडीत एक मुक्काम तरी चालावे. चालता चालता जे पाठ होते ते विसरत नाही.

संगमाच्या ठिकाणी दोन नद्या मिळतात तेव्हा एकीचे पाणी दुसरीला ‘तू किती मोठी, किती जुनी’ असे विचारत नाही. भजनाची बैठक हाही संगमच आहे. जाणत्याने जागा द्यावी, नवख्याने ती घ्यावी, आणि दोघांचा मिळून एक नामघोष व्हावा. कोरे पत्र घेऊन आलेल्या प्रत्येकाला मुक्ताईच्या दारी उत्तर मिळो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.

॥ जय मुक्ताई ॥ ॥ रामकृष्ण हरी ॥